आठवं हाड

सेमेयच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
सकाळी साडेसातला मी यंत्र तापवते.
बाहेर उणे एकतीस. गोठलेल्या इर्तिशवरून
ट्रक चाललेत, जणू रस्ताच आहे तो.

ओरिनबासार आजोबा आज पुन्हा.
टोपी काढतात, बूट काढतात, पट्टा काढतात
मी न सांगता. पाठ झालंय त्यांना.
खिशातून मेंढीच्या घोट्याचं हाड काढून
माझ्या टेबलावर ठेवतात:
"हे बघ मुली, आठवं."
लहानपणी या हाडांनी खेळायचे, गोट्यांसारखे.
आता घरी चहाच्या डब्यात साठवतात,
दर स्कॅनला एक.
केसपेपरावर हा आकडा कुठेच नाही.

सप्टेंबरात न्यूमोनिया म्हणाले. मग क्षय म्हणाले,
मग क्षय नाही म्हणाले. मग बुरशी.
दर वेळी नवा शब्द,
आणि दर शब्दाला एक फेरी या पांढऱ्या कड्यातून.
खोटं कशाला बोलू, पाचव्या वेळी
उजव्या फुप्फुसाच्या तळाशी दडून बसलेला पू
याच कड्याने दाखवला.
नाहीतर नोव्हेंबरातच
त्यांच्या नावाने घोडं कापलं असतं गावात.
हेही मोजायला हवं.
कुठल्या डब्यात?

माझ्या कोटावर बिल्ला आहे.
दर तिमाहीला तो अल्माटीला जातो
आणि कागद येतो: कुल्याश, इतकं इतकं, मर्यादेत.
मी शिशाच्या काचेआड उभी असते
तरी माझा हिशेब ठेवणारं कुणीतरी आहे.
काचेपलीकडे जो झोपतो
त्याच्या बनियनवर काहीच टाचलेलं नाही.

एकदा पट्ट्यावर आडवं होताना म्हणाले:
शाळेतून बाहेर काढायचे आम्हाला,
चरात पालथे झोपा, तोंड झाका, वर बघू नका.
"मी बघितलं. सहा वर्षांचा होतो, कोण ऐकतं?"
काय दिसलं ते सांगितलं नाही.
एवढंच, की छपरावर वाळत घातलेलं कुर्त,
ते दह्याचे खारट खडे,
आईने नंतर पदराने झटकले
आणि वाटून दिले. सगळ्यांना सारखे.

मला शिकवलंय: एक स्कॅन म्हणजे
दोन-तीन वर्षं माती-आकाशातून
आपोआप मिळतं तेवढंच.
असं सांगितलं की रोगी घाबरत नाहीत.
पण कुठली माती?
या माणसाला मी मातीचं उदाहरण कसं देऊ?

वर फोन लावला.
डॉक्टर येर्नार, सव्वीस वर्षांचा, रात्रपाळी संपत आलेला.
साधा एक्स-रे चालेल का? ताप उतरलाय त्यांचा.
पलीकडे कप ठेवल्याचा आवाज.
"आणि काही निसटलं तर, अपाय?"
अपाय म्हणतो तो मला.
आमच्यात थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

निसटलं तर. मलाही तीच भीती.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, वही होती.
सात तारखा वाचून दाखवल्या, मध्ये न थांबता.
"बरं. साधाच काढा. सोमवारी बघू."
सोमवारी काय बघू, ते तोही म्हणाला नाही.

आत आले तर आजोबा आडवे, हात डोक्यामागे,
छाती फुगवून, श्वास रोखून.
यंत्र तर अजून बोललंच नव्हतं.
ते रशियनमध्ये बोलतं, बाईच्या आवाजात:
श्वास घ्या. रोखा. सोडा.
आणि आजोबा दर वेळी तिला कझाकमध्ये म्हणतात,
बरं बाई, तू म्हणशील तसं.

"सोडा," मी म्हणाले, "आज हे नाही."
सोडला नाही.
मला वाटलं, ऐकूच आलं नसेल.
मग खोकल्याची लांबलचक उबळ, मग हसू,
मग बूट, आधी डावा.

हाड विसरलात, मी म्हटलं.
"राहू दे," म्हणाले दारातून,
"सोमवार काही लांब नाही."