एकोणतीस, सत्तावीस

होनगेकरांच्या फौंड्रीचा वॉचमन
आठ वर्षं वहीत माझं नाव लिहितो : कंप्युटरवाली.
येण्याची वेळ लिहितो, जाण्याची मोकळी ठेवतो.
त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

दर ठरला होता भट्टीशेजारी, उभ्याउभ्या.
होनगेकर घासाघीस करत होते मराठीत
आणि पैसे मोजत होते कन्नडमध्ये, ओठांतल्या ओठांत,
मूरु, नाल्कु...
मी ऐदुची वाट बघत होते.
ते नाल्कुवर थांबले.
कागद झाला नाही. चहा झाला.

त्यांचा एक कारखाना उद्यमबागेत, दुसरा शिनोळीला.
मध्ये वेंगुर्ला रोड, काजूची झाडं,
आणि एक वळण, जिथे खिशातला फोन उगाच थरथरतो,
नव्या राज्यात स्वागत म्हणून.
ज्या रेषेपायी माझे काका हिंडलग्यात चौदा दिवस बसून आले
ती माझ्या बिलावर फक्त दोन आकडी आहे :
एकोणतीस टाकलं की कर दोन तुकड्यांत,
सत्तावीस टाकलं की एकगठ्ठा.
काकांना हे एकदा सांगितलं.
त्यांनी चष्मा काढून बिल पाहिलं
आणि विचारलं, पैसे आले का?

उद्यमबाग म्हणते, शिनोळीच्या नावे लावा.
शिनोळी म्हणते, मशीन तर तिकडचं.
मी वळणावर स्कूटर उभी करून
दोघांनाही मेल टाकते,
विषय : स्नेहपूर्वक स्मरण.
स्नेह खरा. स्मरण चौथं.

मार्चात म्हटलं होतं, यूपीएसची बॅटरी फुगलीय.
"बघू," म्हणाले.
जूनमध्ये रात्री दोनला फोन : "खुटं हाईस?"
गेले.
जळक्या वाळूचा वास, बनियनवर टॉर्च धरून उभे खुद्द मालक,
आणि काळ्या पडद्यापुढे हिशोबनीस कस्तुरी अक्का,
पदराने कीबोर्ड पुसत,
तापल्या पोराचं कपाळ पुसावं तशी.
मी म्हटलं होतं ना :
हे वाक्य या धंद्यात गिळायचं असतं.
कुठल्याच दरपत्रकात ते बसत नाही.
साडेपाचला चाळीस जणांचा पगार परत आला,
एकाचाही ओव्हरटाइम न हरवता.
होनगेकरांनी डबा पुढे केला.
चेक नव्हे, कुंदा.
मी घेतला. घरी येऊन तास मांडले, तेव्हा
डब्याचं काय करायचं ते कळेना.

आता मुलगा आलाय बंगळूरहून.
महिन्याची वर्गणी, सगळं क्लाउडवर, टोल-फ्री नंबर.
"मॅडम, हँडओव्हर द्या."
नीट बोलतो, वाईट काही नाही.
सतरा पानं लिहून दिली,
पासवर्ड, पोर्ट, बॅकअपची वेळ.
अठरावं लिहिलं आणि खोडलं :
वडील "बघू" म्हणाले तर नाही, "बघूया" म्हणाले तर हो.
अमावास्येला मशीनची पूजा, त्या दिवशी अपडेट नको,
नारळाचं पाणी राउटरवर उडतं.
अक्काची चूक दाखवायची असेल
तर आधी तिच्या भावाच्या उसाची चौकशी करा,
कारखान्याने तोड दिली का म्हणून.
आणि गेटवर वेळ विचारू नका.

पैसे आले. एकतीस मार्चला,
निम्मे एकोणतीसकडून, निम्मे सत्तावीसकडून,
एकाच दुपारी, अक्काच्या हातचे, कुणालाही न विचारता.
दोन्हीकडे पैशांची काटछाट होऊन
एक रुपया कमी पडला.
सीएने विचारलं, सोडून देऊ?
होनगेकर यांजकडून येणे : रुपया एक.
खातं मिटायला पूर्ण शून्य लागतं.
म्हटलं, असू दे.