बाकी

तू गेलास मंगळवारी, संध्याकाळी पाच वीसला.
दोर सुटला तेव्हा मी फॅक्टरीच्या घड्याळाकडे पाहिलं.
कॉडच्या पेट्या तोलून तोलून
आकडा दिसला की डोळे तिथेच थांबतात माझे.

सहा आठवडे, म्हणाला होतास.
त्या रात्री तूरीच्या चौकटीच्या वहीत
मी त्यांचे सेकंद केले:
छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे.

बाहेर क्लाक्सव्हीकचं धुकं, दाराशी ओली मेंढरं.
झोप येईना, म्हणून ती संख्या
जुन्या स्वेटरच्या बाहीसारखी उसवत बसले.
दिवस बेचाळीस. सात सक.
तास चोवीस. आठ त्रिक.
राहिले तासाचे छत्तीसशे सेकंद,
त्यांतून निघाले दोन, चार, पाच,
नऊ, आणि मग दहा.
हानुस, एकापासून दहापर्यंत सगळे होते!
एकेकदाच. कुणी दोनदा नाही, कुणी गैरहजर नाही.

म्हणजे असं बघ,
चर्चमधल्या लांब बाकावर दहा बायका बसल्या
आणि दर सेकंदाला त्यांनी जागांची नवी अदलाबदल केली,
एकही तऱ्हा पुन्हा न करता,
तर शेवटची तऱ्हा संपता संपता
तू धक्क्याला लागशील.
(तुझी आत्या उठायचीच नाही जागेवरून, ते वेगळं.)

दोनशे सत्तर संख्या हिला नेमक्या भागतात.
इतकी उदार संख्या मी पाहिली नव्हती.
मग हात थांबेना.
बोटीवर तुम्ही अकरा जण.
अकराने भागलं.

बाकी दहा.

पेन्सिल खाली ठेवली.
वही तूरीच्या दप्तरात परत गेली.
दुसऱ्या दिवशी ब्रांदुरची बायको काट्यापाशी आली,
म्हणाली, झोपली नाहीस का गं?
मी पेटीचं वजन मोठ्याने वाचलं.

सहा आठवडे मी कुणाला काही बोलले नाही.
रेडिओवर तुझा आवाज दोनदा आला, चिरका.
मासे बरे आहेत, म्हणालास. बर्फ आहे.
मी विचारलं नाही, किती जण जेवायला बसता.

मग तो मंगळवार. पाच वीस.
धक्क्यावर एक सीगल आणि मी.
समुद्र पाटीसारखा कोरा.
संख्या भरली, संपली,
आणि काहीच झालं नाही.

काटा पुढे सरकला.
एक सेकंद. फक्त एक.
आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आपोआप
भागाकार पुन्हा सुरू झाला:
आता दोनाने भागा, सातने भागा, दहाने भागा,
सगळ्यांकडे एक उरतो.
पण अकरा,
तो इतके दिवस दाराबाहेर उभा असलेला अकरा,
तो आत आला.
तीन लाख एकोणतीस हजार आठशे एक्याण्णव
प्रत्येकाला. सगळ्यांना सारखं.

मी तिथेच हसले, की रडले, सीगलला विचार.

बोट आली रात्री पावणेदहाला.
मी उतरणारी डोकी मोजली,
मोजायचं नाही ठरवूनही.
माग्नीची टोपी शेवटची.

घरी कॉफी ओतताना तू म्हणालास,
बाकी?

काही नाही, म्हटलं.
काहीच नाही, हानुस.