राहिलं नाही, ठेवलंय

जिल्हा न्यायालयासमोर, सीबीएसच्या अंगाला,
छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसणारे खैरनारकाका
माझा कागद वाचतात,
चष्मा कपाळावर सरकवतात.
"विषारी. नराधम. खपवून घेणार नाही.
सगळं तुम्हीच म्हणून टाकलंत, ताई,
साहेबाला म्हणायला काय उरलं?"

मग विचारतात, कारखाना बंद कधी असतो?
शनिवारी.
आणि नाल्याला फेस कधी नसतो?
मी गप्प.
"हं," म्हणतात, आणि खटखट सुरू.

शनिवारी कारखान्यास साप्ताहिक सुट्टी असते.
शनिवारी नाल्यास फेस नसतो.

दोन ओळींच्या मधे मी बोट ठेवते :
इथं ‘म्हणून’ राहिलं.
"राहिलं नाही, ठेवलंय.
तिथं साहेबाचं बोट जाऊ दे.
स्वतः काढलेलं उत्तर
माणूस सहसा खोडत नाही."
खाली सवयीनं टाइप करतात,
सुज्ञास सांगणे न लगे,
आणि फुल्या मारून तेही घालवतात.
"हे म्हणजे सांगणंच झालं की."

किती द्यायचे, विचारलं
तर म्हणाले, रिबन मिळत नाही हो हल्ली.
मी वीस जास्त दिले.

पाचव्या आठवड्यात सातपूरला पाकीट आलं.
आपला अर्ज
पुढील कार्यवाहीस्तव वर्ग केला आहे.
कुणाकडे, ते नाही. कधी, ते नाही.
म्हणजे गाळायला त्यांनाही येतं,
आपल्यापेक्षा जुना हात आहे.

पाकिटाच्या पाठीवर मी
पुढच्या अर्जाची पहिली ओळ लिहिते :
आज शनिवार.
खिडकी उघडी आहे.