पारवा

दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी
नखांच्या कडेला अजून निळी रेघ आहे.
वसमतला आता लुगडं रंगवायला कुणी आणत नाही,
म्हणून हा कोंबड्या रंगवतो, असं किसन गोजे
चहाच्या गाड्यावर सांगतो.
चूक सांगतो.

कपड्याचा रंग हातात असतो.
फिका आला, परत बुडवा.
गडद आला, सोड्यात उकळा.
बाईला नाहीच पटला तर काळा करून द्या.
कोंबडीचं तसं नाही.
तिचा रंग तिच्या आजीला विचारावा लागतो.

हैदराबादहून जोडी आणली, पोलिश म्हणतात त्यांना.
डोक्यावर शेवंतीचं फूल उलटं ठेवावं तसा पांढरा तुरा,
मादी काळी,
आणि नर पारवा.
विझत्या उदबत्तीचा शेवटचा धूर असतो ना, तो रंग.
वडिलांना एकदाच साधला होता,
मोंढ्यातल्या कासाबाईंच्या पातळावर.
पुन्हा चार वेळा हौद भरला, नाही आला.

पहिल्या वर्षी नऊ पिल्लं. नऊच्या नऊ काळी.
नसीमाआपा भिंतीवरून म्हणाली,
"बापाचं काहीच न्हाई घेतलं की लेकरांनी."
घेतलंय, म्हटलं. दाखवत नाहीत.
मे महिन्यात चव्वेचाळीसच्या उन्हात नर गेला.
पारवा रंग आता फक्त
त्या नऊ काळ्यांच्या पोटात होता,
आणि एका वहीत, माझ्या वाईट अक्षरात.

मग भावाबहिणीचं जमवलं.
बायको दोन दिवस बोलली नाही.

या कोंबड्या अंडं घालतात आणि विसरतात.
उबवणीचं यंत्र घेतलं तर लाईट विसरते.
शेवटी आपाची गावरान खुडूक बसवली,
अकरा अंडी, टोपलीत भुसा,
एकविसाव्या दिवशी कवचाला चोच लागली.
आठ निघाली.
हिशोबानं दोन पारवी यायला हवी होती.
एक आली.

या जातीच्या पिल्लांची टाळू उघडी असते,
कवटीच्या हाडात खिडकी राहून गेलेली.
तिसऱ्याच दिवशी कुणा भावानं तिथं टोच मारली.
मी वहीच शोधत बसलो.
जी बोलत नव्हती तिनंच
मोंढ्यातली नवी हळद तेलात कालवली,
आणि बोटाच्या टोकानं, लेकराची भरतात तशी,
टाळू भरली.

जखम पंधरा दिवसांत मिटली.
तिनं मात्र दर शनिवारी वाटी काढायचं सोडलं नाही.
दिवाळीपर्यंत तुरा डोळ्यांवर आला.
वरचं काही दिसत नाही तिला;
घार फिरत असली तरी
माझ्या चपलांकडं बघत उभी.

नांदेडचा शौकीन आला, पांढरी गाडी घेऊन.
खुराड्यापुढं उकिडवा बसला तो उठेचना.
"पारवं अंग, पिवळा तुरा!
ही व्हरायटी अख्ख्या भारतात नाही."
खरंच नव्हती.
पंधरा हजार म्हणाला, मग अठरा.
माळ्यावर रंगाचे डबे आहेत अजून,
पिवळ्याच्या तर दोन पुड्या फोडलेल्याही नाहीत.
दहा पिल्लांचे तुरे एका दुपारचं काम.
पक्का रंग, तीन धुण्यांची खात्री,
तशी पाटी होती माझ्या दुकानावर.

मी पंचा ओला केला.
तिचं डोकं हातात धरलं, हलकं,
आतली खिडकी अंगठ्याला जाणवते अजून,
आणि पुसलं.
पंचा पिवळा झाला.
तो माझ्याकडं बघत राहिला, मग हसला,
मग नुसत्या पारवीचे चार देतो म्हणाला.
एकच आहे, म्हटलं. तिला जोडीदार येऊ दे आधी.

गाडी वळून गेली, धूळ खाली बसली.
बायको वाटी घेऊन दारात.
"पुसली कामून?
आज शनिवार हाय."