दुसरी रेघ, पाचवी रेघ

एर्मेलिंदबाब ती वही आल्ताराच्या मागे ठेवतो,
सांत आंतोनच्या पाठीशी,
पाद्रीच्या नजरेला पडू नये म्हणून.
वय चौऱ्याऐंशी. मकावच्या पोस्टात
अकरा वर्षं टपाल निवडलं, तिथल्या एका चहावालीकडून
हे शिकला, आणि चोडणला परतताना
पेटीत घालून आणली तीन नाणी,
ज्यांना आता चहासुद्धा मिळत नाही.

"विचार गो."
मी विचारलं: सुलक्षाला नववा लागलाय, तिथे स्विंडनला.
जाऊ की नको?
"हो-नको हवं तर माशेलला जा. देवाला पाकळ्या लाव,
उजवी पडते की डावी ते बघ.
इथे असं विचारतात: गेले तर काय?"
बरं. गेले तर काय?

रेघा खालून वर चढतात,
भिंत चढते तशा.
पहिली अखंड.
दुसरीला तिन्ही छापे. अखंड, आणि तिच्यावर त्याने गोल काढला.
तिसरी तुटकी. चौथी तुटकी.
पाचवीला एक नाणं घरंगळत गेलं
आणि कुत्र्याच्या पंजाला टेकून उभं राहिलं.
आम्ही थांबलो. कुत्र्याने झोपेत पंजा ओढला.
काटा. तिन्ही काटे.
तुटकी, आणि तिच्यावर फुली.
सहावी अखंड.

"वर डोंगर, खाली तळं. ह्याचं नाव उणं होणं.
आपण ओहोटी म्हणूया."
गोल कशाला, फुली कशाला?
"त्या दोघी पिकल्या. पिकलेली रेघ बसून राहत नाही.
काठोकाठ अखंड झाली की फुटते,
पार रिकामी झाली की सांधते."
शेजारी त्याने दुसरी आकृती काढली,
दुसरी तोडून, पाचवी जोडून.
"आता ही भरती."

मग वही. त्याचं पोर्तुगेज, वाळवीने खाल्लेलं.
दुसरी म्हणत होती, पाऊल उचलू नकोस.
पाचवी म्हणत होती, येतंय ते तुला अडवता यायचं नाही.
मी म्हटलं, ह्या तर भांडतायत.
"भांडत नाहीत. एक गुडघ्याला आहे, एक गळ्याला.
पाणी आधी कुठे लागतं?
चहावाली म्हणायची, दोन हलल्या तर वरचीचं जास्त ऐक.
तिचा नवरा म्हणायचा, खालचीचं."
मग?
"मग त्यांच्या चुली दोन होत्या."

संध्याकाळी खाजनात गेले.
तुटकी रेघ मला आधीपासून ओळखीची वाटत होती.
बांधाला खांड पडली की वरून अशीच दिसते,
दोन तुकडे, मध्ये खारं पाणी.
ज्या वर्षी आमची पडली,
त्या वर्षी हे रात्रभर छातीभर चिखलात उभे होते
आणि सुलक्षा कंदील धरून,
सात वर्षांची, एकदाही रडली नाही.

मानशीवर रोहिदास जाळं दुमडत होता.
दाराला त्याचा हात लागत नाही, कुणाचाच नाही.
आतलं पाणी, बाहेरचं पाणी,
ज्याचा जोर जास्त, त्याचं दार.
आत्ता दोन्ही सारखी.
फळ्या नुसत्या लोंबत होत्या,
शेवाळही हलत नव्हतं.
"आता काय?"
"आता काय नाय. विडी ओढायची."

फोन वाजला.
काय ठरलं, तिने विचारलं.
मला एकदम लाज वाटली.
तीन नाण्यांना विचारलं, कुत्र्याला विचारलं,
हिला नाही.
"तुला मी तिथे हवी आहे का?"
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग नाक ओढल्याचा आवाज.
"आई, तू मानशीवर आहेस ना?
पाणी कुठे चाललंय?"

वाकून पाहिलं.
बाहेरून एक पान आलं, फळीला लागलं,
आणि फळ्या हळूहळू मिटू लागल्या.
भरती लागली की आमचं दार मिटतं,
शेत खारावू नये म्हणून.
हे एर्मेलिंदबाबच्या वहीत नाही.
उद्या त्याला सांगायला हवं.
तिला म्हटलं, थांब,
रोहिदासच्या विडीचा धूर डोळ्यात गेलाय.