शनिवारची बादली

प्लास्टरच्या खोलीत माझी एकोणीस वर्षं गेली.
नखांखालची पांढरी भुकटी आता निघत नाही,
भात कालवताना दिसते, भातासारखीच.

शनिवारी रात्री अकराला मी बादली भरायचो.
कोमट पाणी, कोपर बुडवून बघायचं,
तान्ह्याला न्हाऊ घालण्याआधी बघतात तसं.
गुंडाळी पाण्यात सोडली की बुडबुडे येतात,
थांबले की पिळायची.
बुडबुडे थांबायच्या आत दाराशी पुढचं स्ट्रेचर.

एकच रात्र सांगतो, सगळ्या नाही सांगत.
माहीमच्या फुटपाथवर निजलेली गुलशनबी,
डावी मांडी मोडलेली, उजवा घोटा,
आणि दोन खाटा सोडून
तिच्यावरून गाडी नेणारा पोरगा. कपाळावर तीन टाके.
तो सारखा पाणी मागत होता.
तिने उशाची बाटली त्याला द्यायला सांगितली.
तो कोण, तिला माहीत नव्हतं.
मला माहीत होतं. मी दिली बाटली.
हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.

मग कायदा कडक झाला.
म्हणजे कायदा होताच, घडी घालून ठेवलेला;
आता तो रस्त्यावर येऊन उभा राहिला
पुलाच्या उतारावर, चौपाटीच्या वळणावर,
बॅरिकेड लावून, हातात बॅटरी.
हवालदार फडतरे आधी लोकांच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगायचा,
म्हणायचा, बायको घरात घेत नाही, दुसऱ्यांचा वास येतो म्हणे.
आता त्याच्याकडे यंत्र, नळी. फुंका साहेब, जोरात.
आकडा येतो.
आकड्याला मामा नसतो, नगरसेवक नसतो.
थोडे असतात अजून. पूर्वीइतके नाहीत.

पोरंही हुशार. नाकाबंदी कुठे ते ग्रुपवर टाकतात,
गल्लीबोळातून निघतात, वेलची चघळतात.
वेलची फडतरेच्या नाकाला चालायची, यंत्राला चालत नाही.
आणि खड्डे आहेतच.
खड्ड्याला कोण सांगणार, फुंक म्हणून?

पण एका शनिवारी बादलीतलं पाणी गार झालं.
मी ओतलं, पुन्हा भरलं.
पुन्हा गार झालं.
सिस्टर लिसम्मा म्हणाली, काय रे, आज मॅच आहे का?
महिनाअखेर स्टोअरच्या बोंद्रेचा कागद आला:
गुंडाळ्या उरतात, वापर घटला, कारण कळवावे.

काय कळवू?
जे आले त्यांची वही आहे: नाव, वय, हाड, बाजू,
शेवटी एक रकाना, वास येतो की नाही.
जे आलेच नाहीत त्यांना कुठल्या पानावर घेऊ?
ते आत्ता घरी कूस बदलून निजलेत.
कशातून सुटलो, त्यांना ठाऊकच नाही,
म्हणून ते कुणाचे आभार मानत नाहीत.
शिव्या मात्र देतात.

माझा भाचा प्रणीत वरळीला सापडला.
गाडी जप्त, लायसन गेलं, कोर्टात दंड,
बहिणीची पाटली गहाण.
चार महिने माझ्याशी बोलला नाही,
मी फडतरेला फोन केला नाही म्हणून.
परवा आला. उभ्याउभ्या चहा घेतला.
म्हणाला, तुमच्या त्या यंत्राने माझी नोकरी खाल्ली, मामा.
खरं होतं. डिलिव्हरीची नोकरी, गाडीवरच चालायची.
मी काही बोललो नाही,
मी त्याच्या नडगीकडे बघत होतो.
सवय. कुठून मोडली असती ते दिसतं मला,
गुडघ्याखाली चार बोटं, नेहमी तिथेच.

कप ठेवून तो तणतणत जिना उतरला, तीन मजले.
बोंद्रेचा कागद माझ्या खिशात तसाच.
मी दाराशी उभा राहून ऐकत होतो,
दोन्ही चपलांचा आवाज सारखा येत होता,
तळमजल्यापर्यंत.