इतिहास पुसायचा का?

खिंडीतल्या केंद्राचा ताबा घेतला तेव्हा यादीत होतं:
तापमापक दोन, वायुभारमापक एक (काच तडकलेली),
कोळशाची चार पोती,
आणि एक संगणक, ज्याचा पंखा
म्हाताऱ्या याकसारखा धापा टाकतो.

बुरुल्कान इथं एकोणीस वर्षं होती.
दर तीन तासांनी बाहेर जायचं, आकडे टिपायचे,
वायरलेसवरून नारिनला कळवायचे.
मधले तास ज्याचे त्याने ढकलायचे.
तिने ते कसे ढकलले
ते मला तिसऱ्या रात्री कळलं.

पडद्यावर पुस्तक उघडंच होतं, जर्मन,
दीपगृहात वाढणाऱ्या कुणा मुलाचं.
माउस सहज सरकवला,
बाण एका शब्दावर जरा रेंगाळला
आणि कोपऱ्यात काडेपेटीएवढी खिडकी उघडली.
शब्दकोश. एक नव्हे, दोन, एकाखाली एक:
जर्मनचा रशियन, रशियनचा किरगीझ.
शब्द दोन घाट चढून यायचा,
वाटेत थोडं सामान सांडत.
तिकडून निघाली ती भरतीच होती,
इथं पोचेतो तिचा पूर झाला होता.

खिडकीच्या कडेला एक पट्टी: इतिहास.
शोधलेला प्रत्येक शब्द, तारीख, वेळ.
मी नोंदवही काढली, दोन्ही शेजारी ठेवली.

चौदा जानेवारी, पहाटे तीन. उणे एकतीस.
हिमवादळ, दृश्यमानता शून्य.
तीन बावीस: शिंपला.
तीन चाळीस: डोलकाठी.
तीन एक्केचाळीस: पुन्हा डोलकाठी.
(समुद्र तिने पाहिला नव्हता. मीही नाही.
इथून कुठलाही समुद्र लांबच.)

फेब्रुवारीत तिला 'अनवाणी' अडला.
मार्चात एकाच रात्री खेकडा, शिडी, गंज,
आणि 'कुजबुजणे', जो आधीही चारदा अडला होता.
असतात काही शब्द,
रोज भेटतात आणि रोज नाव विचारायला लावतात.

मग एप्रिलातले तीन, जे पुस्तकात नाहीत.
मी शोधून पाहिलं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.
मुक्काम. मुदत. नकार.
भर दुपारी, ओळीने, चार मिनिटांत.
कुठल्यातरी कचेरीचं पत्र असणार.
त्या दिवशी नोंदवहीत वारा पश्चिमेचा, आकाश निरभ्र,
आणि सहाचं तापमान लिहायचं राहून गेलेलं.
एकोणीस वर्षांत तेवढीच एक जागा कोरी.

नंतर सतरा दिवस काही नाही.

मग 'डॉख'.
रात्री नऊला, बाराला, पहाटे तीनला.
एवढासा शब्द, त्याला अर्थ अकरा;
रशियनमध्ये उतरताना सात उरले
आणि आमच्या भाषेत पोचला तो एकटा 'पण'.
मी चाचपडत सगळे वाचले. चौथ्यापाशी थांबलो:
समोरचा नाही म्हणाला की त्याला उलटून म्हणायचं,
नाही कसं?
तुला जमणार नाही. जमेल की!
तू येणार नाहीस. येणार तर!

तोक्तोसूनला विचारलं. त्याच्याच ट्रकमधून ती खाली गेली.
सामान? एक पिशवी.
बोलली काही?
वळणावर म्हणाली, हळू घे, डोकं गरगरतंय.
पुढचं त्याला ठाऊक नाही.
बाजारात लोकरी मोजे विकते, असं त्याची बायको म्हणते.
बायकोचा भाऊ म्हणतो, छे, ती कधीच गेली.

काल यंत्राने विचारलं,
यादी भरत आली, इतिहास पुसायचा का?
हो. नाही.
बाण बराच वेळ दोहोंच्या मध्ये उभा.
तेवढ्यात नोंदीची वेळ झाली.
जाऊन आलो. उणे नऊ, वारा पडलेला.
आल्यावर 'नाही' दाबलं, बूट न काढताच.

पुस्तक एकसष्टाव्या पानावर आहे.
चित्रात मुलगा जिन्यात बसलाय, वर दिवा लागायचाय.
मला जर्मन येत नाही.
पहिल्या शब्दावर बाण ठेवला.